गट नंबर एकशे बारामधली हत्तीण

दर रविवारी सकाळी उदगीरहून मुखेडला जाणाऱ्या एसटीत मागच्या लांब सीटवर तीन गाद्या बसून यायच्या आणि माणसं उभी राहायची. त्यावरून बोलाचाली ठरलेली. कंडक्टर म्हणायचा, "म्याडम, गाद्यांचं तिकीट फाडू का?" लायबा म्हणायची, "फाडा की, पण अर्धं. लहान हायत अजून." माणसं हसायची, कुणीतरी एक गादी मांडीवर घ्यायचं, आणि जळकोट मागं टाकून गाडी गुंडलवाडीच्या फाट्यावर थांबली की त्या गाद्या आणि तीन-चार पोरी खाली उतरायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उतरल्या तेव्हा लायबाला लांबूनच काहीतरी खटकलं. तुरीच्या कडेनं सिमेंटचे पांढरे खांब उभे होते. जवळ गेल्यावर दिसलं, खांबाखांबांतून काटेरी तारेचे चार पदर ताणलेले. आत जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गेटसाठी विटांचं बांधकाम अर्धं झालेलं, आणि एका बांबूला पत्र्याची पाटी. रंग अजून ओला होता. 'गट नंबर ११२. खाजगी जमीन. दगडावर चढण्यास सक्त मनाई. आत आल्यास गुन्हा दाखल करण्यात येईल.'

तारेपलीकडं, तुरीच्या मधोमध, हत्तीण बसली होती.

हत्तीण म्हणजे दगड. उदगीरकडचा काळा कातळ संपून मुखेडकडं जाऊ लागलं की मातीतून तांबूस-करडे मोठाले धोंडे डोकं काढायला लागतात. गुंडलवाडीच्या शिवारात असे वीस-पंचवीस धोंडे, त्यात हा सगळ्यांत मोठा. दीड मजला उंच, पाठ गोल, आणि पुढून सोंड टेकवल्यासारखा एक उतार. गावानंच त्याला हत्तीण नाव दिलेलं. पूर्वेच्या अंगाला तो पोट पुढं काढून झुकलेला होता आणि त्या पोटावरून एक भेग वर जाऊन मधेच डावीकडं वळली होती. त्या भेगेचं नाव मात्र लायबानं ठेवलं होतं: वाकडी. हत्तिणीवरच्या बाकी सगळ्या वाटा ती चढली होती. वाकडीनं तिला तीन वर्षं खाली पाडलं होतं.

लायबा अजीज नद्दाफ, वय सत्तावीस. बापाचं उदगीरला गादीचं दुकान, आजापासूनचं. ती स्वतः पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना मैदानावर पळवायची, गोळा फेकायला शिकवायची. तिला स्वतःलाच पोलीस व्हायचं होतं, पण उंची दीड सेंटिमीटर कमी भरली. मोजणाऱ्यानं पट्टी डोक्यावर टेकवून मान हलवली तो क्षण ती कधी कुणाला सांगायची नाही. कॉलेजात एनसीसीकडून ती महिनाभर पहाडात चढाईच्या कोर्सला गेली होती. तिथल्या शिकवणाऱ्या बाई तिच्याहूनही बुटक्या होत्या आणि माकडासारख्या चढायच्या. तेव्हापासून लायबाला दगडाचं वेड लागलं.

हत्तीण तिला सापडली ती बापामुळं. चार वर्षांपूर्वी ह्या शेताच्या मालकाच्या, किशनरावांच्या घरी मुलाचं लग्न होतं, पाहुण्यांसाठी बारा गाद्या सांगितल्या होत्या. टेम्पोतून त्या उतरवताना लायबाचं लक्ष शेताकडंच. शेवटी ती किशनरावांना म्हणाली, "काका, त्या दगडावर चढू का?"

किशनराव ओट्यावर पान जमवत बसले होते. "चढून काय मिळतं?"

"काई न्हाई."

"मंग चढ," म्हातारा म्हणाला. "काही मिळत असतं तर इचार केला असता. पन दोन गोष्टी. तुरीत पाय टाकायचा न्हाई. आन् हितं जत्रा भरवायची न्हाई."

लायबानं हो म्हटलं. कागद नाही, काही नाही. अजीजनं फोमचे तुकडे आणि काथ्या दाबून दाबून भरून, वरून ताडपत्रीचं कापड शिवून पडायला गाद्या करून दिल्या, आणि रविवार सुरू झाले. भरतीच्या पोरीही यायला लागल्या. किशनराव गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलानं, शिवशंकरनं, हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

आता तो विटांच्या खांबाजवळ उभा होता. जळकोटला त्याचं खताबियाण्यांचं दुकान होतं, माणूस एरवी मोजकं बोलणारा. आज त्याचे डोळे तांबारलेले होते.

"म्याडम, आल्या तशा जावा," तो म्हणाला.

"झालं काय, शिवशंकरभाऊ?"

"तुमाला म्हाईत न्हाई?" त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. पडद्यावर हत्तीण होती, आणि हत्तिणीवर पंचशीला. भरतीची पोरगी, लायबाचीच चेली. दसऱ्याला पंचशीला पहिल्यांदा माथ्यावर पोचली तेव्हा लायबानं व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. खाली गावाचं नाव, रस्ता, नकाशावरची खूण, सगळं. दोन लाख लोकांनी तो बघितला होता. तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"हे बघून लातूरच्या क्लासची पोरं आली बुधवारी," शिवशंकर म्हणाला. "आठ जण, चार गाड्यांवर. तूर तुडवली ती तुडवली, वरून एक जण पडला. पायाचं हाड मोडलं. बाप मोठा माणूस हाय म्हणं त्याचा. मला दिवसभर ठाण्यात बसवलं, बाकावर. जागा कुणाची? तुमची. मंग जबाबदारी कुणाची? तुमची. घरी आलो तर आई जेवली नव्हती." त्यानं मोबाइल खिशात घातला. "आता बास. हितून पुढं बाहेरचं मानूस आत न्हाई."

चूक कुणाची, हे लायबाला तिथल्या तिथं कळलं. त्यासाठी ती काही बोलणारही होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाहेरचं?"

"बाहेरचंच की."

"तुमच्या लग्नाला पाव्हणे झोपले ते आमच्या गाद्यांवर. तुमच्या आई-बापाच्या लग्नातली गादी माझ्या आज्यानं पिंजलेली. बाहेरचे कसे आम्ही?"

शिवशंकरनं मान फिरवली. "म्याडम, शब्दात पकडू नका. गाडी येईल परतीची."

पोरी गाद्या डोक्यावर घेऊन फाट्याकडं निघाल्या. लायबानं एकदा मागं बघितलं. गोठ्याच्या दारात शिवशंकरची बायको तनुजा उभी होती, शेणाचे हात तसेच. तनुजा माहेरची निलंग्याची, शाळेत असताना कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेली. पहिलं वर्षभर ती नुसती पाणी घेऊन यायची आणि बघायची. मग एका रविवारी पदर खोचून म्हणाली, "लायबाताई, मी एकदा हात लावून बघू?" आता ती भरतीच्या पोरींपेक्षा बरी चढायची. सासऱ्यांना ठाऊक होतं. नवऱ्यालाही असावं, पण त्यानं कधी विषय काढला नव्हता.

तनुजानं हात वर केला नाही. नुसती बघत राहिली.

अजीजनं सगळं ऐकून घेतलं. तो मशीनवर बसला होता, सुई चालूच. "चूक तुझी हाय," तो म्हणाला.

"हाव. माझीच."

"म्हाताऱ्याला शब्द दिलता, जत्रा भरवणार न्हाई म्हणून. जाऊन माफी माग. पायी जायाला लागलं तरी जा."

लायबानं व्हिडिओ पुसून टाकला. दोन दिवसांनी ती जळकोटला शिवशंकरच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक होईपर्यंत बाजूला उभी राहिली, मग सरळ म्हणाली, "भाऊ, मी किशनकाकांना दिलेला शब्द मोडला. त्याचा त्रास तुमाला झाला. माफ करा."

शिवशंकरला हे अपेक्षित नसावं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काई न्हाई, म्याडम. पण गेट लागतंच आहे. येत्या सोमवारी. वेल्डरला सांगून टाकलंय."

"स्टँपवर लिहून देते. कुणी पडलं, मोडलं, तर तुमच्यावर काही न्हाई. बाहेरची पोरं आली तर मी स्वतः हाकलते."

"लिहून दिल्यानं ठाण्यात बसायचं टळतंय का? न्हाई."

"मग एक दिवस. एकच. ती वाकडी भेग ऱ्हायलीय माझी. तीन वर्षं झाली. ती होऊ द्या, मग लावा गेट."

शिवशंकर हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "भेग ऱ्हायलीय म्हणून मी जबाबदारी घेऊ? म्याडम, दगड हाय तो. दगडात काय ऱ्हायतंय?"

चहा आला तोवर लायबा उठली होती.

दुकानात परत आल्यावर तिनं बापाला सांगितलं. अजीज कात्रीनं कापडाची किनार सरळ कापत राहिला. मग म्हणाला, "माफी घेतली त्यानं?"

"घेतली."

"मग आपलं देणं फिटलं." कात्री खाली ठेवली. "आन् रविवारी काय म्हणाला होता तो? बाहेरचे?"

"हाव."

"बाहेरचे म्हणाला?"

"हाव, अब्बा."

अजीजनं चष्मा पुसला. आयुष्यात त्यानं कधी गिऱ्हाइकाशी आवाज चढवला नव्हता. गादी खाली ठेवायची, हात जोडायचे आणि निघायचं, असा माणूस. "शनवारी लवकर झोप," तो म्हणाला. "टेम्पो काढतो मी रविवारी. एसटीत मोठी गादी मावणार न्हाई."

लायबाला आधी समजलंच नाही. बाप तिला कधी बघायलाही आला नव्हता. दगडावरून पडणारी पोरगी बघवणार नाही, म्हणायचा. गाद्या मात्र जाड जाड करायचा.

तिनं भरतीच्या पोरींना येऊ नका म्हणून सांगितलं. भरतीच्या तोंडावर कुणाच्या नावावर पोलीस केस नको. पंचशीला फोनवर रडकुंडीला आली, "म्याडम, व्हिडिओ माझाच होता," म्हणाली. लायबा म्हणाली, "चढलीस ते बरोबरच होतं. टाकला मी. तू आठशे मीटर पळ."

मग शिवशंकरला तिनं फोन लावला. "भाऊ, रविवारी सकाळी नऊला येते. तारेवरून न्हाई, वाटेनं. चोरून न्हाई, सांगून. वाकडी चढते आणि जाते."

"आलात तर मी पोलीस पाटलाला बोलवीन."

"बोलवा," लायबा म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी नऊला टेम्पो तुरीच्या कडेला थांबला. विटांचे खांब पुरे झाले होते, गेट अजून नव्हतं. शेतात कुणी दिसत नव्हतं. बापलेक मधल्या वाटेनं एकामागं एक चालत गेले, पुढं लायबा, मागं डोक्यावर पलंगाएवढी गादी घेतलेला अजीज. तुरीच्या शेंगा दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होत्या. तुरीत पाय मात्र एकदाही पडला नाही.

हत्तिणीसमोर आल्यावर अजीजनं गादी टेकवली आणि मान वर केली. बघतच राहिला.

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर."

"या अल्लाह," तो पुटपुटला. मग दगडाच्या पोटाखाली फिरून आला, बोटानं हवेत काहीतरी मोजलं, आणि गादी हातभर डावीकडं ओढली. "पडलीस तर इकडं पडशील. वजन वळणाकडं जातंय." तीन वर्षांत लायबाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ती दर वेळी अर्धी गादीवर, अर्धी मातीत पडायची.

तिनं पायात घट्ट बूट चढवले, तळहाताला खडूची पूड लावली. थंडीनं दगड गार होता. गार दगडावर हात चिकटून बसतो. पहिल्यांदा ती वळणाआधीच सुटली आणि बरोब्बर गादीच्या मधोमध पडली. अजीजनं डोळे मिटून घेतले होते.

"लागलं?"

"न्हाई, अब्बा. तुमचा माल चांगला हाय."

दुसऱ्या खेपेला वळणापर्यंत गेली आणि सुटली. उठून बसते तोवर मागून पाण्याची घागर घेऊन तनुजा आली. घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि न विचारता गादीच्या कडेला हात वर करून उभी राहिली. पडणाऱ्याची पाठ सावरायला उभं राहतात तशी.

"वहिनी, तुम्ही जा घरी," लायबा म्हणाली. "उगं तुमाला त्रास."

"ते गावात गेलेत पाटलाला आणायला," तनुजा म्हणाली. "मी इथंच हाय. तुम्ही चढा."

वाकडीची मेख एकच होती. भेग जिथं डावीकडं वळते तिथून वरची चांगली पकड उंच माणसाच्या हातभर अंतरावर होती, आणि लायबाच्या हातापासून चार बोटं पुढं. त्या चार बोटांनी तिला चाळीसएक वेळा पाडलं असेल. दर वेळी ती हात ताणायची. रात्री झोपेतही ताणायची. पण गेल्या आठ दिवसांत तिनं मनातल्या मनात ती भेग पुन्हा पुन्हा चढून बघितली होती आणि एक वेगळीच गोष्ट सुचली होती. हात ताणायचाच नाही. उजव्या पायाची टाच कमरेएवढ्या उंचीवर भेगेत अडकवायची आणि तिच्यावर अख्खं अंग वर ढकलायचं.

तिसऱ्या खेपेला ती वळणाशी पोचली. डावा हात भेगेत मनगटापर्यंत रुतवला. टाच उचलून वर अडकवली. तेवढ्यात तुरीच्या पलीकडून मोटारसायकलचा आवाज आला, थांबला, आणि पाठोपाठ शिवशंकरचा.

"म्याडम! खाली उतरा!"

लायबाच्या मांडीतून कळ निघाली. खाली बघायची सोय नव्हती.

"खाली उतरा म्हणतो मी! पाटील, बघा तुम्ही, डोळ्यांनी बघा!"

"वर गेल्यावर उतरते!" लायबा दगडाला गाल लावून ओरडली.

शिवशंकर पुढं आला. संतापाच्या भरात त्यानं वाकून गादीचं टोक धरलं, ओढून काढायला. अजीज हलला. आवाज चढला नाही, पण त्यानं शिवशंकरच्या मनगटावर हात ठेवला.

"मालक, पोरगी वर हाय. गादीला हात लावायचा न्हाई."

शिवशंकरनं बाजूला बघितलं तर गादीच्या दुसऱ्या टोकावर त्याची बायको उभी होती. दोन्ही पाय रोवून, हात वर करून, नजर लायबाच्या पाठीवर.

"तनुजा, घरी जा."

"त्या पडल्या तर?" तनुजा म्हणाली. नजर हलवली नाही. "पुन्हा तुमालाच ठाण्यात बसायला लागंल."

शिवशंकरनं टोक सोडलं.

वर लायबाला यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. टाचेवर तिनं भार टाकला. दगड अंगाला घासत खाली सरकल्यासारखा वाटला, म्हणजे ती वर सरकत होती. उजवा हात सुटला, वर गेला आणि त्या पकडीवर पडला, ज्या पकडीकडं ती तीन वर्षं नुसती बघत आली होती. अरुंद, खडबडीत, दोन पेरांची. तिनं ती अशी धरली की नखातून रक्त आलं. मग गुडघा, मग कोपर, मग पोटावर रांगत ती हत्तिणीच्या पाठीवर गेली आणि उताणी पडून श्वास घेत राहिली.

खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं अजीजचा आवाज आला, "लायबा?"

"हाय, अब्बा. हाय."

ती उठून बसली. वरून तूर, फाटा, मुखेडच्या दिशेचं टेकाड आणि तारेचे खांब दिसत होते. पुन्हा इथं बसायला मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती घाई न करता बसली. शिवशंकर खालून म्हणाला, "झालं का आता? उतरा." ती म्हणाली, "दम खाऊ द्या, भाऊ. पळून न्हाई जात." आणि दम खाल्ला. मग मागच्या पायऱ्यांसारख्या बाजूनं पाय टाकत स्वतः खाली आली.

पोलीस पाटील पंचावन्नचे, मफलर गुंडाळलेले. आता मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून त्यांनी पेन उघडलं. "बाई, जबाब घ्यावा लागतो. लिहितो ते ऐका. 'मी, लायबा अजीज नद्दाफ, राहणार उदगीर, आज रोजी गट नंबर एकशे बारामध्ये मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश केला. यापुढं सदर जागेत पाऊल ठेवणार नाही.' बराबर? करा सही."

लायबानं वही घेतली, वाचली आणि परत दिली. "एक ऱ्हायलं."

"काय?"

"लिहा. 'नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी सदर दगडाची वाकडी भेग चढून माथ्यावर पोचले, आणि आपल्या मर्जीनं खाली उतरले.'"

"ते कशाला?" शिवशंकर म्हणाला.

"झालंय ते लिवायचं. न्हाईतर सही न्हाई. मग न्या ठाण्यात. सोबत तुम्हालाबी यावं लागंल."

पाटलांनी शिवशंकरकडं बघितलं, शिवशंकरनं आभाळाकडं. "झालं तर हायच," पाटील पुटपुटले आणि लिहिलं. मधेच थांबून विचारलं, "पस्तीस का छत्तीस?"

"पस्तीस," तनुजा म्हणाली.

लायबानं सही केली. अजीजनं साक्षीदार म्हणून केली, उर्दूत. कुणी विचारलं नव्हतं, तरी तनुजानं पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.

सोमवारी गेट लागलं. हिरव्या रंगाचं, वर भाल्यांसारखी टोकं. एसटीतून जाताना लायबाला ते दिसायचं. पहिल्या रविवारी तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या रविवारी बघितलं. वाकडी झाली म्हणून दुःख कमी झालं नव्हतं. उलट कधीकधी वाटायचं, झाली नसती तर निदान चिडायला तरी काहीतरी हातात राहिलं असतं. हत्तिणीच्या सगळ्या पकडी तिच्या बोटांना पाठ होत्या. त्या आता कुणाच्या कामाच्या नव्हत्या.

पण रविवार तिनं सोडला नाही. फाट्याच्या पुढं, तलावाच्या अंगाला सरकारी गायरान होतं. तिथं धोंडे होते, पण बसके, चिल्लारीच्या काटेरी झुडपांनी वेढलेले, एकाला आग्या मोहोळ. चढण्यासारखं त्यात काही नाही, असं लायबा स्वतःच इतकी वर्षं म्हणत आली होती. आता ती कोयता घेऊन तिथं गेली. मोहोळाचा धोंडा सोडून दिला. पंचशीलेनं आणि दुसऱ्या दोघींनी चिल्लार तोडली, तिघींचे हात ओरबाडले.

कामाच्या दुसऱ्याच दिवशी शेळ्या घेऊन एक म्हातारी समोर उभी राहिली. जगदेवी तिचं नाव. "कुणाला इचारून करून राहिलात?"

"सरकारी हाय ना आजी? कुणाला विचारायचं?"

"मला. चाळीस वर्सं झाली, मी हितं शेळ्या चारते."

पंचशीला काही बोलणार होती. लायबानं तिला थांबवलं. कोयता खाली ठेवला. "बरं, तुमाला विचारते. आम्ही ह्या दगडांवर चढू का?"

म्हातारीनं दगड बघितले, पोरी बघितल्या, गाद्या बघितल्या. "चढा. दुपारला शेळ्या सावलीला येत्यात, तवा उठायचं. आन् बोरीला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

"मोबाइलमदी घालायचं न्हाई," जगदेवी म्हणाली. गावभर झालंच होतं सगळं.

"न्हाई घालणार, आजी. ह्या वेळी खरंच न्हाई."

संक्रांतीनंतरच्या रविवारी बांधावरून तनुजा चालत आली. पायात कबड्डीचे जुने बूट. सांगून आले, म्हणाली. काय सांगितलं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांत मोठ्या धोंड्यावर, तोही पुरुषभर उंच, उजवीकडून एक वाट जाते की काय असं लायबाला वाटत होतं. कुणी अजून केली नव्हती. तनुजा म्हणाली, मी बघते.

ती निम्म्यावर असताना रस्त्यावर मोटारसायकल थांबली. शिवशंकर होता. उतरला नाही. गाडी चालूच ठेवून त्यानं हॉर्न दिला, एकदा, मग लांब. अजीज हल्ली दर रविवारी टेम्पो घेऊन यायचा. तो गादीजवळ जाऊन उभा राहिला.

पुन्हा हॉर्न वाजला. जगदेवीच्या शेळ्या बुजून पांगल्या आणि म्हातारीनं रस्त्याकडं बघून एक कडक शिवी हासडली.

तनुजानं मागं वळून बघितलं नाही. कपाळाचा घाम दंडाला पुसला, दगडाला गाल लावला.

"लायबाताई," ती म्हणाली, "डावा पाय कुठं ठेवू?"

"गुडघ्याच्या वर बघा. खळगी हाय."

"दिसली," तनुजा म्हणाली आणि पाय उचलला.